मुदतवाढ

दर महिन्याला तोच कागद उघडते.
वरची तारीख पुसते, खालची तारीख पुसते,
मधली सगळी ‘ज्याअर्थी’ जागच्या जागी राहू देते.
ज्याअर्थी साथ ओसरलेली नाही,
ज्याअर्थी काउंटीच्या इस्पितळात रिकाम्या खाटा उरल्यात नऊ
(हा आकडा मात्र फोन करून विचारते, कधी चार असतो),
त्याअर्थी कॉर्विन फॉल्स हे शहर,
म्हणजे आम्ही चार हजार दोनशे माणसं,
एक कागद गिरणी, दोन पूल आणि ओरेगनची ही गार नदी,
आणखी तीस दिवस आणीबाणीत राहील.

मी इथली कारकून. एकोणीस वर्षं झाली.
याआधी मुदतवाढ दिली ती कुत्र्यांच्या परवान्यांना,
आणि एकदा पुलाच्या रंगकामाला,
रंगारी नदीत पडला म्हणून.

सभा आता पडद्यावर भरते.
सात चौकटी आणि आठवी माझी.
लुहानच्या मागे वॉशिंग मशीन फिरत असतं,
महापौरबाईंचं मांजर ठरावावरून चालत जातं,
आणि थ्रेडगिल, ज्याचं केशकर्तनालय मार्चपासून बंद आहे,
दर वेळी म्हणतो, ‘विरोधात’,
आणि दर वेळी त्याचेच केस थोडे आणखी वाढलेले असतात.

मग नागरिकांचं म्हणणं. प्रत्येकी तीन मिनिटं.
घड्याळ माझ्याकडे.
फोन येतो एकच: फर्न स्ट्रीटच्या क्रोनिनबाईंचा.
आणीबाणीबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं.
त्यांच्या दारासमोरचा दिवा बंद आहे.
एप्रिलात बंद होता. मेमध्ये बंद होता.
जूनमध्ये म्हणाल्या, ‘रुग्णवाहिकेला घराचा नंबर तरी दिसायला हवा ना,’
आणि मागे कोणीतरी खोकलं.
‘थांब जरा, विल्मर, सभेत आहे मी.’
आम्ही सगळे हसलो. त्याही.
जुलैत तो खोकला वाक्याच्या मधोमध आला.
ऑगस्टमध्ये जवळजवळ प्रत्येक शब्दानंतर.
इतिवृत्तात मी लिहिलं: दिवा. पुन्हा.

सप्टेंबर.
आधीची मुदत मध्यरात्री संपणार होती
आणि सांडपाण्यावरच आमचे तीन तास गेले होते.
फोन जोडला. नाव विचारलं, पत्ता विचारला,
त्यांनी सांगितला, जसा काही मला ठाऊकच नाही.
घड्याळ सुरू केलं.

मग काहीच नाही.
फ्रिजची घरघर.
एक खुर्ची सरकल्याचा आवाज.
लुहानने उठून मशीन बंद केलं.
आम्ही आठ जण कान देऊन बसलो होतो,
आणि ज्याची वाट पाहत होतो
तो आवाज येईना.

दोन मिनिटं गेली.
महापौरबाई माझ्याकडे पाहायला लागल्या, म्हणजे कॅमेऱ्याकडे.
तिसरं संपताना नियमाने घंटी वाजवायची असते.
ज्याअर्थी बारा वाजायला नऊच मिनिटं उरली होती,
ज्याअर्थी कुणालाही वेळ वाढवून देण्याचा
मला काडीचा अधिकार नाही,
मी घड्याळ थांबवलं.

कोणी हरकत घेतली नाही.

किती वेळ गेला ते इतिवृत्तात नाही.
शेवटी त्या म्हणाल्या,
‘दिव्याचं राहू द्या आता,’
आणि फोन ठेवला.

मतदान झालं अकरा अठ्ठावन्नला.
थ्रेडगिलने डोळ्यांवरचे केस बाजूला केले
आणि ‘विरोधात’च म्हणाला,
फक्त इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं.
सहा विरुद्ध एक. मुदतवाढ मंजूर.

वीज कंपनीचं पत्र आलं ऑक्टोबरात:
सदर खांब आमचा नाही.

कागद उघडला आहे.
वरची तारीख पुसली, खालची पुसली.
विषयपत्रिकेत अगदी तळाला एक ओळ आहे,
फर्न स्ट्रीट, दिवा, प्रलंबित.
ज्यांनी मागितला त्यांनीच मागे घेतलेला विषय
नियमाने काढून टाकायचा असतो.
कोणी मागितलेलं नाही,
तरी तीस दिवस पुढे ढकलते.